‘एका ताटात’ची नवी आई

राजेश्वरीच्या हातून आयुष्यात एकच मोठी चूक झाली. तिनं काढलेला लेकाच्या, शिवतेजच्या, जावळाचा व्हिडिओ चांगला निघाला.

वस्तऱ्याखाली भोकाड पसरलेला शिवू, मामाच्या मांडीवर उडणारे त्याचे पाय, आणि शेवटी चंदन फासलेलं गुळगुळीत टक्कल. एवढंच होतं. पण गावची निम्मी भावकी गलाईवाली. सोनं-चांदी गाळायच्या दुकानांपायी मदुराईपासून कानपूरपर्यंत पांगलेली माणसं ती. त्यांनी तो व्हिडिओ दुकानादुकानांत बसून बघितला आणि डोळे पुसले. शंभूराज मदुराईत रडला. त्याचं समजण्यासारखं, टक्कल त्याच्या पोराचं होतं. पण गावात भाऊसो सुभेदारही गहिवरले, आणि फौजेतून निवृत्त झालेला माणूस गहिवरला की कुणाला तरी कामाला लावल्याशिवाय मोकळा होत नाही.

“सूनबाई, औंदाचा ‘एका ताटात’ तू काढायचा.”

भाऊसो म्हणजे शंभूराजचे चुलते आणि जत्रा कमिटीचे अध्यक्ष. ‘एका ताटात’ हा विट्याच्या अलीकडच्या त्या गावात सिनेमा नव्हताच, तो जत्रेचा एक विधी होता. पहिल्या दिवशी पालखी, दुसऱ्या दिवशी कुस्त्या आणि दिवेलागणीनंतर पटांगणात पडदा बांधून ‘एका ताटात’. कृष्णधवल. विधवा आई, तिची मुलं, बायकोच्या नादानं भरल्या पंगतीतून उठून घर सोडणारा थोरला, आणि उंबऱ्याबाहेर बसून जेवणारा रामा नावाचा इमानी गडी. शेवटी आई रामाला आत बोलावते, थोरला परत येतो, सगळे एका ताटात जेवतात आणि गाव पदरानं, टोपीनं, जे हाताला येईल त्यानं नाक पुसतं. पण गेल्या जत्रेत तरणी पोरं मध्यंतरालाच उठून आइस्क्रीमच्या गाडीकडे गेली होती. भाऊसोंना तो अपमान वर्षभर पचला नव्हता.

“पिच्चर त्योच,” त्यांनी बैठकीत हुकूम सोडला, “फकस्त माणसं आपली घालायची. आपलं मानूस दिसल्यावर कोण उठतंय बघू.”

मोबाइलवर टक्कल टिपणं आणि आख्खा सिनेमा काढणं यात काही फरक असतो, असं राजेश्वरीला म्हणायचं होतं. पण तेवढ्यात शिवूनं सुभेदारांच्या चहात बोट बुडवलं आणि त्या गडबडीत तिचा होकार गृहीत धरला गेला.

थोरल्याचं काम भाऊसो करणार, हे कुणी सुचवलं नाही. ते तसंच होतं, जसं सूर्य पूर्वेला उगवतो. थोरल्याच्या खाष्ट बायकोच्या कामाला मात्र कुणी तयार होईना. शेजारची हरणाबाई म्हणाली, “मी न्हाई बाई. माझी जाऊ म्हनंल, बघा, मुळावरच गेली.” जाऊ म्हणाली, मला विचारूच नका, मला विचारलं म्हणजे मनात काहीतरी आहे. शेवटी ती बायको पडद्यावर दाखवायचीच नाही, नुसता बांगड्यांचा आवाज द्यायचा, असं ठरलं. तरी बांगड्या कुणाच्या यावरून हरणाबाई आणि तिची जाऊ एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

“आनि रामाचा रोल वडापल्याडच्या केरूबाच्या घरात देऊ,” भाऊसो म्हणाले. “लय मानाचा रोल हाय. शेवटाला सगळा गाव त्येच्यासाठीच रडतोय.”

बैठकीत सगळ्यांनी माना हलवल्या. राजेश्वरीनंही हलवली. मानाचा रोल म्हणजे मानाचा रोल. ती लगेच उठली, शिवूला काखोटीला मारलं आणि आम्रपालीकडे निघाली. आनंदाची बातमी आहे असं तिला खरंच वाटत होतं, आणि पुढं कित्येक दिवस तिला झोंबत राहिलं ते हेच.

आम्रपाली म्हणजे केरूबा आणि बनाबाईंची नातसून. विट्याला बँकेत होती. राजेश्वरी आणि ती आष्ट्याच्या शाळेत एका बाकावर बसलेल्या, आणि नशिबानं दोघीही ह्याच गावात दिलेल्या. एकीचा नवरा मदुराईला, दुसरीचा पुण्याला. शिवू आणि आम्रपालीची यशू एकमेकांचे खाऊ हिसकावत वाढत होते. माहेरी जायला सुट्टी मिळाली नाही की राजेश्वरी दोन गल्ल्या ओलांडून आम्रपालीच्या ओट्यावर बसायची. चहा प्यायचा, सासवांची नक्कल करायची, की झालं माहेरपण. एवढं एकच माहेर चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

आम्रपालीनं सगळं ऐकून घेतलं. हातातली यशूची वेणी पुरी केली, रबर लावलं आणि विचारलं, “आईचं काम कोण करतंय?”

“अजून ठरलं नाही.”

“मग ते का नाही घेऊन आलीस?”

राजेश्वरीनं शिवूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

“अगं, पण रामासाठी सगळं गाव रडतं…”

“रडू दे की. आम्ही काय करायचं, रुमाल पुरवायचे?” आम्रपाली आवाज न चढवता म्हणाली. “कमिटीतल्यांनी म्हटलं असतं तर हसून सोडलं असतं मी. तू आलीस गं. पोराला कडेवर घेऊन, धावत.”

त्या दिवशी चहा झाला नाही. नंतरही झाला नाही. आम्रपालीची स्कूटर आता वरच्या रस्त्यानं जायची. यशू ओट्यावर दिसेना. शिवू रोज संध्याकाळी दाराशी उभा राहून “यछू, यछू” करायचा आणि कोणी आलं नाही की चप्पल गटारीत टाकायचा. राजेश्वरी ती चप्पल काढायची, धुवायची आणि मनातल्या मनात आम्रपालीशी बोलायची. त्या बोलण्यात प्रत्येक वेळी आम्रपालीच जिंकायची, ही त्यातली आणखी एक गैरसोय.

इकडे जत्रा जवळ आली. रामाचं काम कोइमतूरहून आलेल्या नाथाजीनं आनंदानं उचललं. त्याचं मराठी इतक्या वर्षांत तमिळ चालीवर गेलं होतं, त्यामुळे “मालकीनबाई, म्या उपाशी न्हाई” हे वाक्य तो देवळात आरती म्हणावी तसं म्हणायचा. पण त्याची काळजी करायला कुणाला वेळ नव्हता, कारण आईच मिळत नव्हती.

म्हणजे सुरुवातीला आया उदंड होत्या. राजेश्वरीच्या सासूबाई चंद्राबाईंनी तर “मी करनार” असं न सांगता संवादच पाठ करायला घेतले होते. भाजी निवडताना त्या पालकाच्या जुडीला “लेका, तुझी वाट बघून डोळं शिनलं रं” असं म्हणत. पण कपडे ठरवायची वेळ आली तेव्हा राजेश्वरीच्या ध्यानात एक गोष्ट आली. आई विधवा आहे.

“आत्या,” ती चाचरत म्हणाली, “ते कुंकू… आणि मंगळसूत्र… शूटिंगपुरतं.”

चंद्राबाईंनी पालकाची जुडी खाली ठेवली. “तुझं सासरं जित्तं हायती न्हवं?”

“हो.”

“आतल्या खोलीत घोरत्याती न्हवं?”

“हो, आत्या.”

“मंग त्येंच्या जिवावर का उठलीस?”

सांजेपर्यंत ही बातमी गावभर झाली आणि सगळ्या आया एकाएकी घरकामात बुडाल्या. कुणाची कंबर धरली, कुणाला बेळगावला लग्न निघालं. नाटकातसुद्धा कुंकू पुसायचं नाही, यावर सगळ्या गल्ल्यांचं एकमत होतं. विधवा होत्या त्या म्हणाल्या, एकदा झालो तेवढं बास. भिंतीवर हार घालून लावायचा बापाचा फोटोही मिळेना. भाऊसोंनी स्वतःचा फौजेतला फोटो कमिटीच्या कपाटात कुलूपबंद केला, उगाच कुणाच्या हाती लागायला नको. शंभूराज फोनवर म्हणाला, “आईला सधवाच दाखव की.” मग बाप कुठं गेला, असं राजेश्वरीनं विचारलं. “गलाईला,” शंभूराज म्हणाला. एरवी ती हसली असती.

शूटिंग उद्यावर आलं तेव्हा ती वरच्या रस्त्यानं निघाली. ह्या वेळी धावत नाही. शिवू तिचं बोट धरून चालत होता आणि प्रत्येक खडा उचलून बघत होता, तरी तिनं त्याला घाई केली नाही. पोहोचायचं होतं आणि नव्हतंही.

बनाबाई ओट्यावर हरभरा सोलत होत्या. बाजेवर केरूबा. दारात आम्रपाली उभी, हाताची घडी घालून.

“आजी,” राजेश्वरी थेट म्हणाली, “आईचं काम तुम्ही कराल का? कुणी करेना म्हणून आलेय, खोटं नाही बोलत. पण आधीच यायला पाहिजे होतं, हेही खरं आहे.”

बनाबाई हरभरा सोलत राहिल्या. “कुंकू पुसावं लागतंय म्हनं.”

“हो.”

बनाबाईंनी बाजेकडे बघितलं. “काय वं? पुसू का?”

“पूस की,” केरूबा म्हणाले. “इतकी वर्सं तुझ्या हातचं जेवून जित्ता हाय. कुंकू पुसून काय हुतंय मला? आनि त्यो फोटो गावना झालाय म्हनं, तर माझा लावा. फकस्त हार ताजा घाला.”

राजेश्वरीला हसू फुटलं. तिनं आम्रपालीकडे बघितलं. आम्रपाली हसत नव्हती.

“आजी करतील,” ती म्हणाली. “पण मी सुट्टी काढून येणार. तुझ्या पाठीमागं उभी राहणार. तू कुठं ‘कट’ म्हणतेस ते मला बघायचंय.”

भाऊसोंना हे कळलं तेव्हा त्यांनी आधी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “म्हंजी मी बनाबाईला आई म्हनायचं?”

“सिनेमात, मामा,” राजेश्वरी म्हणाली. चुलतसासऱ्यांना ती मामाच म्हणायची.

“पाया पडायचं?”

“एकदाच.”

“दुसरं कोन न्हाई?”

“आत्या आहेत. पण मग सासऱ्यांची परवानगी तुम्ही घ्या.”

घोरणाऱ्या थोरल्या भावाला उठवून असली परवानगी मागण्यापेक्षा सुभेदारांनी सरहद्द पत्करली असती. त्यांनी आपले संवाद मागून घेतले.

शूटिंग चंद्राबाईंच्याच घरात, पुढच्या सोप्यात. स्वयंपाक एकदाच व्हावा म्हणून पहिली आणि शेवटची पंगत एका दमात काढायची होती. भाकरी, अख्खा मसूर, वांग्याचं भरीत. भिंतीवर हार घातलेले केरूबा, आणि समोर खुर्चीवर खरे केरूबा, आपल्या फोटोकडे कौतुकानं बघत. बनाबाई पांढऱ्या पातळात आल्या तेव्हा चंद्राबाई स्वतः त्यांच्या डोक्यावरचा पदर सारखा करायला पुढं झाल्या आणि म्हणाल्या, “पैल्या वाक्याला रडू नगा. दम धरा.” मग पाठ केलेली सगळी वाक्यं त्या कोपऱ्यात बसून ओठांतल्या ओठांत म्हणत राहिल्या.

भाऊसोंचा पहिलाच संवाद होता, “आई, मला भूक लागलीया.” पहिल्या वेळी ते म्हणाले, “बनाबाई, मला भूक लागलीया.” दुसऱ्या वेळी म्हणाले, “आवं, मला भूक लागलीया.” तिसऱ्या वेळी ‘आ’ आला आणि पुढचा ‘ई’ मिशीतच अडकला. मागं आम्रपालीचा श्वास ऐकू येत होता. शिवू आणि यशू बऱ्याच दिवसांनी भेटलेले, ते दोघे बाजेखाली गप्प बसले होते. पोरांचं असं गप्प बसणं कोणत्याही घरात धोक्याचंच.

“चालेल, मामा,” ती म्हणाली. “आता आई वाढते.”

बनाबाईंनी भाकरीची चवड उजव्या हातावर तोलली आणि डाव्या हातानं भाकरी भाऊसोंच्या ताटात घातली.

“थांबा!” भाऊसोंनी ताटावर हात धरला. “डावा हात! डाव्या हातानं वाढत्यात का कुटं?”

“आजी, उजव्या हातानं,” राजेश्वरी हळूच म्हणाली. “घाबरू नका.”

“मी कशाला भिऊ?” बनाबाई म्हणाल्या. “पिच्चरमदी आई डाव्या हातानंच वाढती.”

“उजव्या!” भाऊसो, चंद्राबाई, हरणाबाई, नाथाजी एकदम ओरडले. नाथाजीचा सूर थोडा वर गेला.

“डाव्या. दर साली बघितलाय मी. भाकरीची चवड उजव्या हातावर, आनि वाढायचं डाव्यानं. थोरला उठून जातो त्यो बी डाव्या अंगाला.”

“उजव्या अंगाला!” भाऊसो गरजले. “मी काय आंधळा हाय? कुठनं बघितलास तू पिच्चर?”

“वडाच्या अंगानं,” बनाबाई म्हणाल्या. “आमी समदी तिकडंच बसायचो. तुमी पटांगनात.”

पडदा बांधतात तो पटांगण आणि वड यांच्या मधोमध, म्हणजे वडाकडून दिसते ती पडद्याची पाठ. सोप्यात ज्यांना ही जागा माहीत होती त्यांच्या तोंडावरून हिशेब हळूहळू उतरत गेला. हरणाबाई कुणाकडे तरी बघून हसायला गेली आणि मध्येच थांबली.

बनाबाईंनी कुणावर काही लोटलं नाही. त्या नुसत्या सांगत होत्या. “आता कोन तसं बसा म्हनत न्हाई, खरं हाय. पर माझ्या डोळ्यात आई हाय ती डाव्या हातानं वाढती. तिला मी उजवी कशी करू?”

मसुरावर माशी बसली. राजेश्वरीच्या हातात मोबाइल अजून चालू होता, लाल ठिपका लुकलुकत होता. ‘कट’ हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. तो म्हटला असता तर सगळं सोपं होतं, सगळ्यांचं जेवण गरम राहिलं असतं. तिनं मागं वळून बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती.

“आजी,” ती म्हणाली, “तुमची आई वाढते तसंच वाढा. मी घेतेय.”

“मी डाव्या हातचं खानार न्हाई,” भाऊसो म्हणाले.

“मग ऱ्हा उपाशी,” बनाबाई म्हणाल्या. हा संवाद सिनेमात नव्हता.

भाऊसो उठले. ताट सरकलं, वाटी कलंडली. “ह्या पिच्चरच्या म्होरं मी बसनार न्हाई! कमिटीच्या अध्यक्षाचा शबूद हाय ह्यो!” असं म्हणून ते ताडताड पायऱ्या उतरून गेले, आणि चप्पल घालायला विसरले म्हणून परत येऊन, ती घालून, पुन्हा तितक्याच रागानं गेले.

चप्पल सोडली तर हे सगळं मोबाइलमध्ये होतं. भरल्या पंगतीतून उठून घर सोडणारा थोरला इतका अस्सल जुन्या सिनेमातही नव्हता.

पण शेवटची पंगत राहिली होती, आणि थोरला तर घरी जाऊन कडी लावून बसलेला. नाथाजी म्हणाला, मी दोन्ही करतो. कुणी लक्ष दिलं नाही. तेवढ्यात राजेश्वरीच्या पाठीमागून आवाज आला, “ताट ठेव की त्याचं. रिकामं.”

आम्रपाली. इतक्या दिवसांनी तिनं आपण होऊन बोललेलं पहिलं वाक्य, आणि तेही कामाचं. राजेश्वरीनं ताट मांडलं. बनाबाईंनी नाथाजीला आत बोलावलं, सगळ्यांना वाढलं, मग रिकाम्या ताटातही एक भाकरी ठेवली आणि दाराकडे बघून विचारलं, “माझा थोरला आला न्हाई व्हय गं?” ह्या वाक्याला चंद्राबाई कोपऱ्यात इतक्या मोठ्यानं रडल्या की ते परत घ्यावं लागलं.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्याचा कोपर जरी सिनेमात होता, त्याचं सगळं गणगोत आलेलं. पुढच्या सतरंजीवर पांढरं पातळ सोडून हिरवं नेसलेल्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या बनाबाई, शेजारी चंद्राबाई. अध्यक्षांची खुर्ची रिकामी. कमिटीतला एकजण राजेश्वरीच्या कानाशी येऊन म्हणाला, “सुभेदार न्हाईत. कुणी मदीच बोंबललं तर बंद करावा लागंल बरं.” पहिली पंगत आली. डावा हात दिसताच मागून कुणीतरी खरंच ओरडलं, “ए, डावी हाय काय म्हातारी?” हशा पिकला. राजेश्वरीनं आम्रपालीला शोधलं. ती जागेवर नव्हती. मांडीवरचा शिवूही नव्हता.

ती गर्दीतून वाट काढत पडद्याला वळसा घालून गेली. वडाखाली अंधारात, उलट्या घातलेल्या क्रेटवर भाऊसो बसले होते. एका मांडीवर शिवू, दुसऱ्यावर यशू, दोघांच्या हातात त्यांनीच दिलेले बत्तासे. आणि चार पावलांवर आम्रपाली, यशूला शोधत आलेली, तिथंच खिळलेली.

“शबूद पाळतोय मी,” भाऊसो पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “म्होरं बसलेलो न्हाई.”

“हो, मामा.”

“सूनबाई, ही तर उजव्या हातानं वाढतीया.”

“इकडून तसंच दिसतं, मामा.”

पडद्यावर भाऊसो स्वतः पंगतीतून उठून ताडताड निघून गेले, आणि त्यांनी स्वतःला जाताना बघितलं. आम्रपाली खाली बसली, धुळीतच. राजेश्वरीही बसली. पुढं हसणं कधी थांबलं ते कळलं नाही.

शेवटची पंगत आली. गडी आत आला, ताटं भरली. एक रिकामं ताट, त्यात एक भाकरी. पडद्यावरच्या बनाबाईंनी दाराकडे बघितलं आणि विचारलं, “माझा थोरला आला न्हाई व्हय गं?”

“आलो की, आई!”

क्रेट मागं कलंडला. भाऊसो उभे होते, दोन्ही काखांत एकेक पोर, आणि आवाज परेडवरचा. पुढच्या गर्दीला तो पडद्यातूनच आला. पटांगणातल्या माना उंचावल्या. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग कुणाचीच थांबेना. आम्रपालीनं तोंडावर पदर दाबला होता, पण हसण्यानं तिचे खांदे गदगदत होते, आणि त्यातला एक खांदा राजेश्वरीच्या खांद्यावर येऊन टेकला तो तिथंच राहिला.

टाळ्या ओसरल्या तेव्हा पडद्याच्या पलीकडून, पहिल्या सतरंजीवरून, खऱ्या बनाबाईंचा आवाज आला.

“मंग मागं काय बसलाईस? म्होरं ये.”